जमा केलेला बिल्ला

माझ्याकडे खेळांच्या सामन्यांचे शंभरावर बिल्ले आहेत. निळ्या मखमलीच्या तुकड्यांवर ओळीनं टोचून ठेवलेले. घरी कोणी आलं की चहा व्हायच्या आत मी ते बाहेर काढतो, आणि बायको स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटते, कारण पुढचा तासभर पाहुण्यांची सुटका नाही हे तिला माहीत असतं. क्रिकेटचे, हॉकीचे, कुस्तीच्या दंगलींचे. पितळेचे, रंगीत मिन्याचे, रेशमी फीत लावलेले. प्रत्येकाची गोष्ट मला पाठ आहे आणि ती मी तिखटमीठ लावून सांगतो.

एक बिल्ला मात्र मी कोणाला दाखवत नाही. तो मखमलीवर नाही, कपाटात एका जुन्या पाकिटात आहे. आता वय झालं. माझ्यामागं कोणीतरी ते पाकीट उघडेल आणि ‘अरे वा, हा तर सगळ्यांत भारी’ म्हणेल, हे मला नको आहे. म्हणून लिहून ठेवतो. यात माझं चांगलं काही दिसणार नाही.

मध्यभारत नावाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. आठ वर्षं टिकलं बिचारं. राज्य एक आणि राजधान्या दोन. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. दोन्ही संस्थानांचा मान राहावा म्हणून ही तडजोड, आणि तिच्या पायी दर सहा महिन्यांनी अख्ख्या सरकारचं बिऱ्हाड हलायचं. फायली लाकडी पेट्यांत भरून पुढं जायच्या आणि त्यांच्यामागं आम्ही कारकून, वळकट्या काखेत मारून. एखादा कागद हवा असला की तो हमखास दुसऱ्या गावी असायचा. लोक वैतागायचे. आम्हाला मात्र ती मोठी सोय होती. ‘फाईल ग्वाल्हेरला आहे’ एवढं म्हटलं की समोरचा माणूस सहा महिन्यांसाठी गप्प.

माझे वडील संस्थानच्या नोकरीत होते. विलीनीकरण झालं आणि त्यांना वेळेआधी घरी बसवलं. त्याची भरपाई म्हणा किंवा कोणाची मेहरबानी म्हणा, मला बाविसाव्या वर्षी सचिवालयात टेबल मिळालं. टेबल, खुर्ची, दौत आणि एक गोल शिक्का. त्या शिक्क्यानं माझं डोकं जरा फिरलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

बिल्ल्यांचा नाद त्याच सुमाराला लागला. इंदुरात क्रिकेटचा मोठा सामना झाला की कमिटीवाले, पंच, गुण लिहिणारे, पाणी देणारे स्वयंसेवक या सगळ्यांना बिल्ले मिळायचे. पहिला मला स्वयंसेवक म्हणूनच मिळाला, लाल फितीचा. पुढं कळलं की ग्वाल्हेरच्या कारकुनांकडे हॉकीचे एकाहून एक बिल्ले आहेत आणि त्यांना आमचे क्रिकेटचे हवे आहेत. मग काय! सरकारच्या बिऱ्हाडाबरोबर आमचाही बाजार हिंडायला लागला. इंदुरात रविवारी सकाळी मैदानाजवळच्या हॉटेलात पोह्यांच्या बशा सरकवून आम्ही बिल्ले मांडायचो. ग्वाल्हेरला जेवणाच्या सुट्टीत, कचेरीमागच्या भिंतीशी उन्हात. दोन साध्या पितळी बिल्ल्यांना एक मिन्याचा. फीत फाटलेली असली तर वरती एक चहा.

या बाजारात लबाड्या पुष्कळ चालायच्या, पण एक नियम कोणी मोडत नसे. बिल्ल्यांच्या दोन जाती: सौद्याचा आणि कमाईचा. सौद्याचा म्हणजे अदलाबदलीत आलेला, त्यावर वाटेल तेवढी घासाघीस करा. कमाईचा म्हणजे ज्याचा त्याला मैदानावर केलेल्या कामाबद्दल मिळालेला. तो मागायचा नाही. त्याला भाव नाही. त्या माणसानं आपणहून, आपल्या हातानं तो दुसऱ्याच्या छातीवर लावला, तरच तो दुसऱ्याचा. असं होताना मी तोवर एकदाच पाहिलं होतं. एका म्हाताऱ्या पंचानं आपल्या जावयाला लावला होता, आणि हॉटेलातले आम्ही सगळे उगाचच उठून उभे राहिलो होतो.

आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक तालीम होती आणि तिथं एक मालिशवाले होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही. चाळिशी उलटलेले, गळ्यात तुळशीची माळ, पंजे परातीएवढे. मूळचे इंदूरजवळच्या सांवेरकडचे मराठे. आजा-पणजापासून संस्थानच्या रिसाल्यात घोड्यांचा खरारा करणारं घराणं. फौज मोडली, घोडे गेले, तेव्हा काका घोड्यांवरून पैलवानांवर आले. ‘फरक काही नाही,’ ते म्हणायचे, ‘घोडा लाथ मारायच्या आधी कान पाडतो, पैलवान तेवढं पण करत नाही.’

दिल्लीत आशियातल्या देशांचे खेळ झाले तेव्हा आमच्या तालमीतले वजन उचलणारे दोन गडी तिथं गेले होते, आणि त्यांच्याबरोबर काका. त्यांना कोणी पत्र देऊन बोलावलं नव्हतं. गड्यांनीच भाड्याचं जमवून नेलं. पण तिथं गेल्यावर त्यांचा हात बघून दुसऱ्या संघांचे लोकही रांगेत उभे राहिले, म्हणे. एका लांब पळणाऱ्या जपान्याची पोटरी दगड झाली होती, ती काकांनी अर्ध्या तासात लोणी करून दिली. तो जपानी उठला, वाकला, पुन्हा वाकला. काकांना वाटलं कमर पण दुखते आहे, म्हणून त्यांनी त्याला परत पालथा पाडला. ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली होती आणि शंभर वेळा हसलो होतो. शेवटच्या दिवशी तिथल्या कोणा साहेबानं त्यांच्या बंडीवर बिल्ला लावला. पांढऱ्या मिन्यावर सूर्य, त्याची लालबुंद किरणं, कड सोनेरी. आमच्या साऱ्या पितळी दुनियेत त्याच्या जवळपास जाईल असं काही नव्हतं.

काका तो रोज लावायचे. मालिश करताना बंडी काढून खुंटीला टांगायचे तेव्हा बिल्ला दिसेल अशी टांगायचे. आखाड्यातली नवी पोरं दिल्लीच्या गोष्टीला नाक मुरडायला लागली की ते नुसतं खुंटीकडे बोट दाखवायचे. संपला वाद.

मी तो मागितला. नियम माहीत असून मागितला, त्याबद्दलही लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही. पाच बिल्ले देतो म्हटलं, मग आठ, मग सगळेच.

काका हसले. ‘बाबूजी, हा कमाईचा आहे. तुमच्यात तर मागत नाहीत ना?’

‘मजाक केला, काका,’ मी म्हटलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे एक काम आलं. जुन्या संस्थानी फौजेच्या ज्या ज्या वस्तू लोकांकडे राहिल्या होत्या, त्या परत जमा करून घ्यायच्या. पट्टे, पितळी चकत्या, खोगिरांची कडी असलं काहीबाही. ते टेबल माझ्याकडे होतं. त्या काळात माणसाला काय ठेवायचं आणि काय जमा करायचं हे कळेनासं झालं होतं. जुना स्टॅम्पपेपर बाद, जुने शिक्के बाद, जुना हुद्दा बाद. लोक घरात होतं नव्हतं ते घेऊन यायचे. एका म्हातारीनं तर नवऱ्याची पगडी आणली होती आणि ती परत घेऊन जा म्हटल्यावर घाबरून गेली होती.

एके दिवशी काका आले. धुतलेली बंडी, केसांना पाणी लावलेलं. पट्ट्यावरची रिसाल्याची पितळी चकती त्यांनी फडक्यातून सोडून माझ्यापुढं ठेवली. चिंच लावून घासून आणली होती. मी वहीत लिहिलं, त्यांचा अंगठा घेतला. मग ते उठता उठता थांबले, आणि छातीवरच्या बिल्ल्याला हात लावून म्हणाले, ‘बाबूजी, आणि हा? हा पण तर सरकारीच आहे. दिल्लीच्या सरकारचा. हा पण जमा करायचा का?’

मी ती वेळ पुष्कळदा आठवून पाहिली आहे. मागं काही माणसं उभी होती, पंखा कुरकुरत होता. हे मी योजलं नव्हतं, एवढं खरं. मला फक्त ‘नाही काका, तो तुमचा आहे’ असं म्हणायचं होतं. मी ‘हो’ म्हणालो.

त्यांनी एकदाही कारण विचारलं नाही. पिन जरा अडकली होती, ती जपून सोडवली, बिल्ला बंडीच्या टोकानं पुसला आणि चकतीशेजारी ठेवला. मग म्हणाले, ‘रसीद मिळेल ना?’

बिल्ला वहीत लिहिता येत नव्हता. लिहिला तर तो खरंच सरकारजमा झाला असता. मी एक कोरी चिठ्ठी घेतली आणि इंग्रजीत लिहिलं, कारण काकांना इंग्रजी येत नव्हतं. उद्या कोणी विचारलंच तर आपण काही मोलाची वस्तू घेतली असं निघू नये, एवढी अक्कल मला त्या क्षणीही होती. ‘वन मेटल बॅज, ओल्ड, ऑफ नो व्हॅल्यू.’ धातूचा एक जुना बिल्ला, किंमत नाही. खाली माझी वाचता न येणारी सही आणि त्यावर गोल शिक्का. काकांनी शिक्क्याकडे समाधानानं पाहिलं, चिठ्ठीची घडी केली आणि बिल्ला असायचा त्याच्या खालच्या खिशात ठेवली.

‘चौकशी होऊन परत मिळेल,’ मी म्हटलं. हे का म्हटलं, देव जाणे. चांगुलपणा वाटावा म्हणून असेल.

त्या एका वाक्यानं मला पुढं तीन वर्षं जखडलं. मी ग्वाल्हेरला गेलो, परत आलो, की काका हजर. ‘बाबूजी, आमच्या बिल्ल्याचं काय झालं?’ फाईल ग्वाल्हेरला आहे, काका. हिवाळ्यात मी दिवाळीला दोन दिवस घरी आलो तर पुन्हा हजर. फाईल तर इंदूरलाच राहिली म्हणे, काका. ते मान हलवायचे. सरकार मोठं आहे, वेळ लागणारच. त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द नाही. त्यांनी मला एकदा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि त्यात वडिलांचे गुडघे. घरी बसल्यापासून ते धरले होते. जिना उतरणं बंद झालं होतं. काकांना हे कळलं तसे ते दर रविवारी सकाळी यायला लागले. तिळाचं तेल ते स्वतः सियागंजच्या बाजारातून आणायचे, त्यात काय काय घालून कढवायचे. आईनं पैसे पुढं केले तर हात जोडले. ‘आईसाहेब, बाबूजी आमचं एवढं काम करतायत. मी तेवढं पण नाही करायचं?’

वडील ज्या खोलीत पालथे पडायचे त्याच खोलीत माझं कपाट होतं. बिल्ला त्यात, सदऱ्यांच्या खाली. काकांचे हात वडिलांच्या गुडघ्यांवर फिरायचे आणि पाठ त्या कपाटाला टेकलेली असायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला उगाच वाटायचं की कपाटाचं दार आपोआप उघडेल. मी चहाचं निमित्त काढून स्वयंपाकघरात जायचो. वडील तिकडून ओरडायचे, ‘अरे, या भल्या माणसाचं काम करून टाक की. एका बिल्ल्याला किती वर्षं लागतात? आमच्या वेळी असं नव्हतं!’

‘होईल, बाबा,’ मी म्हणायचो.

चार महिन्यांत वडील जिना उतरायला लागले. आईनं काकांना नवं धोतर दिलं.

आता कोणी विचारेल, एवढं करून मिळवलेल्या बिल्ल्याचं सुख तरी लागलं का? ग्वाल्हेरला एक थोरले कारकून होते, आमच्या बाजारातले सगळ्यांत जाणकार. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. पहिल्याच हिवाळ्यात मी त्यांना तो दाखवला. त्यांनी तो उलटा केला, मागच्या पिनेवर तेलाचा काळसर थर होता तो नखानं पाहिला, आणि म्हणाले, ‘हा तर कोणाच्या तरी कमाईचा आहे. तुला लावला त्यानं?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘त्यानंच.’

‘मग नशीबवान आहेस यार,’ असं म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी मला परत दिला. त्यानंतर मी तो कोणाला दाखवला नाही. एकट्यानं पाहायला सुद्धा काढला नाही. एवढी हौस होती, ती त्या भिंतीशी उन्हातच संपली.

इकडे तालमीत काकांचं वजन उतरत होतं. खुंटीवर बंडी असायची, बोट दाखवायला काही नसायचं. नवी पोरं विचारायची, ‘काय काका, दिल्लीला गेले होते का दिल्लीच्या नावानं सांवेरला?’ आणि फिदीफिदी हसायची. काका चिठ्ठी काढून दाखवायचे. इंग्रजी वाचणारं तिथं कोणी नव्हतं, पण गोल शिक्का सगळ्यांना कळायचा. त्या शिक्क्यावर त्यांनी तीन वर्षं काढली. बरोबर गेलेल्या दोघा गड्यांपैकी एक मुंबईला गिरणीत लागला होता, दुसरा रेल्वेत, खांडव्याच्या पलीकडे कुठंतरी. साक्ष द्यायला जवळपास कोणी उरलं नव्हतं.

मग तालमीनं ठरवलं की हनुमान जयंतीला दिल्लीला गेलेल्यांचा सत्कार करायचा. शाल, नारळ, फेटा. यादी झाली. यादीत दोन्ही गड्यांची नावं होती, कारण त्यांना दिल्लीहून पत्रं आली होती. काकांचं नव्हतं. चिटणीस माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, ‘काका, काही कागद-बिगद असेल तर आणा. मी पाहुण्यांना सांगून ऐनवेळी नाव घालतो.’

आदल्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले. आम्ही नुकतेच ग्वाल्हेरहून परतलो होतो. ‘बिल्ला मिळाला असता तर लावूनच गेलो असतो,’ ते म्हणाले.

‘अजून पेट्या उघडल्या नाहीत, काका.’

‘असू द्या, असू द्या. रसीद आहे ना. सरकारी कागद आहे. बिल्ल्यापेक्षा पक्का.’

चिठ्ठीत काय लिहिलं आहे ते फक्त मला माहीत होतं. सकाळी मी बिल्ला खिशात टाकला. ठरवलं, कार्यक्रमाच्या आधी गाठायचं, पेटी पहाटेच उघडली म्हणायचं, त्यांच्या हातात द्यायचा आणि चिठ्ठी काढून घ्यायची. खोटं एक आणखी वाढलं असतं, पण माणूस वाचला असता. आणि मग मी आंघोळीला उशीर केला, कपडे बदलले, आईला मदत केली, जी मी एरवी कधी करत नाही. पोचलो तेव्हा जन्माचा गुलाल उडून गेला होता, सुंठवडा वाटून झाला होता आणि सत्कार सुरू झाला होता.

रेल्वेतला गडी रजा घेऊन आला होता. त्याला फेटा बांधून झाला. चिटणिसानं पाहुण्यांच्या कानात काही सांगितलं. पाहुणे म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर, सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, ‘हो हो, यांचाही करू. कागद द्या, मी सर्वांना वाचून दाखवतो.’ त्यांना काकांचा मानच करायचा होता. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. घड्यांवर ती चिरली होती आणि मागून खाकी कागद डकवून सांधलेली होती. हेडमास्तरांनी चष्मा लावला, शाळेत वाचावं तसं खणखणीत इंग्रजी वाचलं, आणि मग त्याच आवाजात अर्थ सांगितला, ‘धातूचा एक जुना बिल्ला मिळाला. किंमत नाही.’

शेवटचे दोन शब्द बोलता बोलता त्यांना कळलं, पण तोंडातून निघून गेले होते. मागच्या पोरांनी हसायला सुरुवात केली. ‘किंमत नाही!’ कोणीतरी ओरडलं, आणि मग मोठी माणसंही हसली. रेल्वेतला गडी उठून म्हणाला, ‘अहो, काका होते आमच्याबरोबर!’ पण त्या गोंधळात कोणी ऐकलं नाही, आणि दिल्लीचा प्रश्न तसाही आता राहिला नव्हता. प्रश्न किमतीचा झाला होता.

मी दुसऱ्या रांगेत होतो. बिल्ला माझ्या मुठीत होता. उठून पुढं जायला सहा पावलं पुरली असती. ‘ही चिठ्ठी मी लिहिली, ती खोटी आहे, हा बघा बिल्ला’ एवढंच म्हणायचं होतं. मला माझ्या नोकरीची भीती वाटली, वडिलांच्या नावाची वाटली; पण खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त भीती वाटली ती काका माझ्याकडे बघतील त्या बघण्याची. मी जागचा हललो नाही.

काका हसण्याकडे बघत नव्हते. त्यांनी हेडमास्तरांच्या हातून चिठ्ठी घेतली आणि म्हणाले, ‘सरकारनं लिहिलंय म्हणजे तपासूनच लिहिलं असेल, साहेब. मला समजलं नव्हतं.’ घडी घातली, खिशात ठेवली, आणि मागं जाऊन उरलेला सुंठवडा वाटायला लागले. माझ्या हातावरही त्यांनी ठेवला. मुठीत बिल्ला होता, म्हणून मी डावा हात पुढं केला.

‘डाव्या हातानं घेत नाहीत, बाबूजी,’ ते हळूच म्हणाले.

मी बिल्ला खिशात सोडला आणि उजवा हात पुढं केला.

त्यानंतर तीन रविवार ते आमच्याकडे आले. तिन्ही रविवारी त्यांनी बिल्ल्याचं विचारलं नाही. आजवर ते विचारतात म्हणून मी पळत होतो. आता विचारत नाहीत हे सहन होईना. शेवटी मीच त्यांच्या खोलीवर गेलो. तालमीच्या मागं एक खोली होती, तेलाच्या बरण्यांनी भरलेली. ते फडक्यातून तेल गाळत होते. मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. काका, चूक माझी आहे, इथपासून सुरुवात होती. तोंड उघडलं आणि निघालं ते असं: ‘काका, चौकशी संपली. बिल्ला सुटला तुमचा.’

त्यांनी हात पुसले, आधी खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. ‘ही घ्या रसीद. वस्तू मिळाली तर कागद परत करायला पाहिजे.’ मग बिल्ला घेतला. खिडकीशी नेऊन पाहिला. तीन वर्षांत त्याच्यावर धूळही बसली नव्हती. सदऱ्यांखाली माझ्या घरी तो मजेत होता. मला वाटलं आता ते लावतील, आणि लावला की मी सुटलो.

‘चांगला जपला सरकारनं,’ ते म्हणाले. मग तो तळहातावर ठेवला. ‘मी उगाच याला एवढं मानत होतो. साहेबानं प्रेमानं लावला, तर मला वाटलं काही मोठी चीज आहे. तुम्ही लोकांनी तपासलं तेव्हा कळलं. आता लावला तर पोरं अजून हसतील.’ माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुम्हाला आवडायचा ना? तुम्ही एवढी वर्षं याच्यामागं फिरले. याचे हकदार तुम्हीच आहात, बाबूजी.’

मी नको नको म्हणत होतो. खरंच म्हणत होतो. त्यांना तो भिडस्तपणा वाटला. त्यांनी माझ्या कोटाची बाही धरून मला जवळ ओढलं आणि त्या परातीएवढ्या पंज्यांनी, पिन कापडातून दोनदा घालून, बिल्ला माझ्या छातीवर लावला. हॉटेलात असतो तर सगळे उठून उभे राहिले असते. आमच्या नियमाप्रमाणं तो त्या दिवशी माझा झाला. चिठ्ठी माझ्या हातात होती, ‘किंमत नाही’ हे माझं अक्षर होतं, आणि ‘मी खोटं लिहिलं’ एवढं म्हणून ते परत घेता आलं असतं. ‘बरं, काका,’ मी म्हटलं.

गल्लीच्या वळणावर मी तो काढून खिशात टाकला. पण पुढच्या रविवारी काका ठरल्या वेळी आले, वडिलांना पालथं घातलं, तेल हातावर घेतलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आज लावला नाही?’

वडीलही मान वर करून म्हणाले, ‘लाव की रे. त्यानं हौसेनं दिलाय.’

तेव्हापासून इंदुरात असलो की दर रविवारी सकाळी मी घरात, सदऱ्यावर, तो बिल्ला लावून बसायचो. काका मालिश करता करता मधेच वर बघायचे, खूश व्हायचे. आईला सांगायचे की बाबूजींना शोभतो. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग मध्यभारत मोडलं, नवी राजधानी भोपाळला गेली आणि माझी बदली तिकडे झाली. शेवटच्या रविवारी काका वडिलांसाठी तेलाची मोठी बरणी घेऊन आले. निघताना दारात थांबून त्यांनी माझ्या छातीवरचा बिल्ला जरा वाकडा झाला होता तो सरळ केला.

‘तिकडे पण लावत जा,’ ते म्हणाले. ‘कोणी विचारलं कुठून आणला, तर सांगा, आमच्या काकानं आपल्या हातानं लावला.’

‘हो,’ मी म्हणालो.